डेटाबेसमधल्या वेळा, टाइम झोन आणि डेलाइट सेव्हिंग : कॉलम बनवण्यापासून जुना डेटा निस्तरण्यापर्यंत

"सगळं यूटीसीमध्ये ठेव, विषय संपला." टाइम झोनबद्दल कुणालाही विचारा, हाच सल्ला मिळतो (यूटीसी म्हणजे जगाची एकच प्रमाण वेळ, सगळे झोन तिच्यावरून मोजतात). चुकीचा नाहीये तो, पण अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच जास्त त्रास देतो, कारण तो पाळला की माणसाला वाटतं आपलं काम झालं आणि मग मार्चमध्ये अमेरिका-युरोपात डेलाइट सेव्हिंगमुळे (डीएसटी, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ पुढे करणं) घड्याळं पुढे जातात आणि कॅलेंडरमधल्या सगळ्या मीटिंगा एक तास सरकलेल्या दिसतात. तर यूटीसी कुठे पुरतं, कुठे पुरत नाही, आणि पुरत नाही तिथे टेबलात नेमकं काय ठेवायचं ते क्रमाने बघू.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो, कारण पुढे सारखी लागणार आहे. ऑफसेट आणि झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफसेट म्हणजे नुसता आकडा, यूटीसीपेक्षा ५ तास मागे, साडेपाच तास पुढे वगैरे. झोन म्हणजे त्या भागाचा ऑफसेट कधीपासून कधीपर्यंत किती होता आणि आत्ताच्या नियमाने पुढे किती असणार याची अख्खी नियमावली, आणि तिला नाव असतं, जसं अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/बर्लिन, एशिया/कोलकाता. झोनवरून ऑफसेट काढता येतो, ऑफसेटवरून झोन काढता येत नाही. उणे ५ तास म्हणजे हिवाळ्यातलं न्यूयॉर्क पण असू शकतं आणि उन्हाळ्यातलं शिकागो पण.

पायरी १ : कॉलमची जात ठरवा

टाइप निवडायच्या आधी प्रत्येक कॉलमला एक प्रश्न विचारा, ही वेळ नक्की कशाची आहे? उत्तरं तीनच येतात.

पहिली जात म्हणजे घडून गेलेला क्षण. ऑर्डर कधी पडली, पेमेंट कधी झालं, लॉगिन कधी झालं. हा क्षण जगात सगळीकडे एकच असतो, फक्त घड्याळात वेगळा दिसतो. इथे यूटीसी शंभर टक्के बरोबर.

दुसरी जात म्हणजे पुढे येणारी, भिंतीवरच्या घड्याळाने ठरलेली वेळ. दर सोमवारी सकाळी ९ ची मीटिंग, डॉक्टरची अपॉइंटमेंट, रात्री २ चा बॅकअप. इथे माणसाने "९ वाजता" असं ठरवलंय, यूटीसीचा कुठला क्षण ठरवलेला नाही, त्यामुळे ९ हीच खरी माहिती आणि यूटीसी हे त्यावरून काढलेलं गणित. लोक नेमकं उलटं करतात, गणित ठेवतात आणि माहिती फेकून देतात.

तिसरी जात म्हणजे नुसती तारीख. जन्मतारीख, सुट्टीचा दिवस, बिलाची तारीख. याला झोन नसतो आणि लावायचाही नाही. सरळ डेट टाइप वापरा. जन्मतारीख मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ एकत्र) म्हणून ठेवली की यूटीसीच्या मागे असलेल्या झोनमध्ये ती एक दिवस आधीची दिसायला लागते. जावास्क्रिप्टमध्ये तर हे फुकटात मिळतं, नुसत्या तारखेची स्ट्रिंग दिली तर ती यूटीसी धरली जाते आणि तारखेसोबत वेळ दिली पण ऑफसेट नाही दिला तर लोकल धरली जाते. हो, स्टँडर्डमध्येच तसं आहे.

पायरी २ : आपला डेटाबेस खरं काय साठवतो ते बघा

पोस्टग्रेसमध्ये दोन टाइप आहेत, टाइमस्टॅम्प आणि टाइमस्टॅम्पटीझेड. दोन्ही ८ बाइटच. दुसऱ्याच्या पूर्ण नावात विथ टाइम झोन असलं तरी तो झोन साठवत नाही, तुम्ही दिलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि दाखवताना तुमच्या सेशनच्या (म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या तुमच्या कनेक्शनच्या) झोनमध्ये करून दाखवतो. मूळ वेळ कुठल्या झोनमधून आली होती ते गेलं. साधा टाइमस्टॅम्प तर त्याहून वेंधळा आहे, त्यात वेळेच्या शेवटी ऑफसेट लिहून दिलात तरी तो ऑफसेट गपचूप टाकून देतो, एरर नाही, वॉर्निंग नाही. त्यामुळे पहिल्या जातीच्या कॉलमला कायम टाइमस्टॅम्पटीझेड, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मायएसक्यूएलमध्ये नावं सारखी पण वागणूक वेगळी. तिथला टाइमस्टॅम्प आत यूटीसीत ठेवतो आणि सेशनच्या झोनप्रमाणे आत-बाहेर करतो, पण त्याची रेंज १९ जानेवारी २०३८ ला, यूटीसी ०३:१४:०७ ला संपते. लायसन्सची एक्सपायरी, कर्जाची शेवटची तारीख असलं काही त्यात ठेवू नका. डेटटाइम काहीच बदलत नाही, जे द्याल ते जसंच्या तसं. मला विचाराल तर मायएसक्यूएलमध्ये डेटटाइम घेऊन त्यात शिस्तीत यूटीसीच भरणं परवडतं, फक्त ती शिस्त कॉलमच्या नावात दिसू द्या, म्हणजे नावाच्या शेवटी यूटीसी लावा, नाहीतर सहा महिन्यांनी नवीन आलेला माणूस त्यात लोकल वेळ भरणारच.

एसक्यूएल सर्व्हरचा डेटटाइमऑफसेट ऑफसेट साठवतो पण झोनचं नाव नाही, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीला छान, पुढच्या अपॉइंटमेंटला अपुरा. आणि तिथे ॲट टाइम झोन (वेळ एखाद्या झोनमध्ये बदलणारा ऑपरेटर, २०१६ च्या व्हर्जनपासून आहे) विंडोजची नावं मागतो, न्यूयॉर्कसाठी ईस्टर्न स्टँडर्ड टाइम असं, आणि त्यात स्टँडर्ड लिहिलेलं असलं तरी उन्हाळ्याचा नियम तो बरोबर लावतो. ओरॅकलचा टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन मात्र खरोखर झोनसकट साठवतो. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा टाइपच नाही, टेक्स्ट किंवा आकडा ठेवायचा, आणि मग सगळीकडे एकच फॉरमॅट हे तुमच्या डोक्यावर.

पायरी ३ : सेशनचा झोन नशिबावर सोडू नका

अर्धे घोळ इथे होतात. टाइप बरोबर, डेटा बरोबर, पण सर्व्हरचा झोन एक, ॲपच्या कनेक्शनचा दुसरा आणि तुमच्या लॅपटॉपवरच्या क्लायंटचा तिसरा. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा) कनेक्ट होताना सेशनचा झोन जावाच्या डिफॉल्ट झोनवर सेट करतो, त्यामुळे "माझ्या मशीनवर बरोबर दिसतंय" हे वाक्य खरं असतं आणि तरी बग असतोच. मायएसक्यूएलमध्ये सेशनचा झोन डिफॉल्टला सिस्टिम असतो, म्हणजे ज्या मशीनवर सर्व्हर चालतो त्याचा, आणि ते मशीन बदललं की टाइमस्टॅम्पच्या सगळ्या वेळा वेगळ्या दिसायला लागतात.

करायचं एवढंच, कनेक्शन उघडल्यावर पहिलं काम सेशनचा झोन यूटीसी सेट करणं, तेही कनेक्शन पूलच्या (कनेक्शनं उघडी ठेवून ॲपला वाटणारा भाग) कॉन्फिगमध्ये, कोडमध्ये दहा ठिकाणी नाही. युजरला त्याच्या झोनमध्ये दाखवायचं काम ॲप करेल. कुठेही शंका आली तर आधी सेशनचा झोन काय आहे ते विचारून घ्या, मग डेटावर संशय घ्या.

पायरी ४ : झोन लिहायचा तो पूर्ण नावाने

जगातले झोन आणि त्यांचे नियम ज्या डेटाबेसमध्ये असतात त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात, आयाना (इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणारी संस्था) तो प्रसिद्ध करते आणि वर्षातून बऱ्याचदा त्याचं नवीन व्हर्जन येतं. एशिया/कोलकाता हे नाव तिथलंच. युजरच्या प्रोफाइलमध्ये, इव्हेंटच्या टेबलात, सगळीकडे हेच नाव ठेवा. आकडा नको आणि तीन अक्षरी शॉर्टफॉर्म तर अजिबात नको.

शॉर्टफॉर्म का नको याचं सगळ्यात भारी उदाहरण आयएसटी. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघंही तीच अक्षरं वापरतात. पोस्टग्रेसच्या डिफॉल्ट लिस्टमध्ये आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसीपेक्षा २ तास पुढे! म्हणजे कुणी वेळेच्या शेवटी आयएसटी लिहून इन्सर्ट मारला की साडेतीन तासांचा फरक, आणि तक्रार करायला काही नाही कारण डेटाबेसने त्याच्या मते बरोबरच केलं. सेटिंग बदलून ती लिस्ट भारताची करता येते, नवीन १८ व्हर्जनमध्ये आधी सेशनच्या झोनमधला शॉर्टफॉर्म बघितला जातो, पण या भानगडीत पडायचंच कशाला.

अजून एक खड्डा म्हणजे ईटीसी/जीएमटी+५ सारखी नावं. यात चिन्ह उलटं असतं, अधिक ५ म्हणजे यूटीसीच्या ५ तास मागे. पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डमधल्या जुन्या पद्धतीमुळे तसं आहे. आणि पायथनमध्ये जुनी पायटीझेड लायब्ररी असेल तर कोलकात्याचा झोन डेटटाइम बनवतानाच थेट चिकटवला की ऑफसेट ५ तास ५३ मिनिटं येतो. हा आकडा कुठून आला म्हणून लोक चक्रावतात, तो तिथला जुना स्थानिक सूर्यवेळेचा ऑफसेट आहे आणि लायब्ररी नियमावलीतली पहिलीच नोंद उचलते. पायथन ३.९ पासून झोनइन्फो आत आलंय, तेच वापरा.

पायरी ५ : वर्षातल्या दोन विचित्र रात्री

अमेरिकेत २००७ पासून नियम असा की मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एकदम ३ वर जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी २ वाजता परत १ वर येतं. युरोपियन युनियनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, आणि सगळीकडे एकाच क्षणी, यूटीसी १ वाजता. दोघांच्या तारखा जुळत नाहीत, त्यामुळे २०२६ मध्ये ८ मार्च ते २९ मार्च न्यूयॉर्क आणि बर्लिनमध्ये नेहमीच्या ६ ऐवजी ५ तासांचा फरक असतो. कोडमध्ये "बर्लिन म्हणजे न्यूयॉर्क अधिक ६" असं कुणी लिहिलं असेल तर त्याला हे तीन आठवडे दाखवा.

आता नोव्हेंबरची रात्र जवळून बघा, २ नोव्हेंबर २०२५, न्यूयॉर्क. ऑर्डर पडली यूटीसी ०५:४५ ला, तिथल्या घड्याळात रात्रीचे ०१:४५. पेमेंट झालं यूटीसी ०६:१० ला, पण मधे यूटीसी ०६:०० ला घड्याळ मागे गेलं, म्हणून तिथल्या घड्याळात ०१:१०. तुम्ही लोकल वेळ साठवत असाल तर टेबलात ऑर्डर ०१:४५, पेमेंट ०१:१०. पंचवीस मिनिटांनी झालेलं पेमेंट ऑर्डरच्या ३५ मिनिटं आधी झालेलं दिसतं. वेळेवर सॉर्ट केलं की क्रम उलटा, फरक काढला की उणे आकडा, आणि त्यावर कुठे चेक कन्स्ट्रेंट (चुकीची किंमत नाकारणारा टेबलाचा नियम) असेल तर इन्सर्टच फेल. आणि ०१:१० म्हणजे पहिलं की दुसरं हे नंतर त्या एका रो वरून कळायला मार्ग नाही. घडून गेलेल्या क्षणांना यूटीसी लागतं ते यासाठी.

मार्चच्या रात्री उलटा प्रकार, ०२:३० ही वेळच नसते. युजरने फॉर्ममध्ये तीच टाकली तर? पोस्टग्रेस चालवून घेतो, न्यूयॉर्कचे ९ मार्च २०२५ चे ०२:३० दिले तर ०३:३० करून ठेवतो, आणि नोव्हेंबरच्या दुहेरी वेळेत न विचारता स्टँडर्ड टाइमवाली, म्हणजे दुसरी वेळ धरतो. मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुकीचा डेटा नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये) असेल तर नसलेल्या वेळेला टाइमस्टॅम्प कॉलममध्ये एरर देतो. मला एरर बरी वाटते, पण कुठलंही वागणं डेटाबेसवर सोडू नका, ॲपमध्ये ठरवा की नसलेली वेळ पुढे ढकलायची आणि दुहेरी वेळेत पहिली घ्यायची, किंवा युजरला विचारायचं. आणि रात्रीचे क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लोकल १ ते ३ मध्ये ठेवूच नका, एका रात्री चुकू शकतात आणि दुसऱ्या रात्री दोनदा चालू शकतात.

पायरी ६ : पुढच्या वेळांचं टेबल

दुसऱ्या जातीच्या वेळांना तीन कॉलम द्या. एक, लोकल वेळ, झोन नसलेल्या टाइपमध्ये (इथेच पोस्टग्रेसचा साधा टाइमस्टॅम्प आणि मायएसक्यूएलचा डेटटाइम कामाला येतो). दोन, झोनचं पूर्ण नाव. तीन, या दोघांवरून काढलेला यूटीसी क्षण, इंडेक्ससकट, कारण "पुढच्या १० मिनिटांत कुणाला रिमाइंडर पाठवायचा" ही क्वेरी त्यावरच चालणार. तिसरा कॉलम हा फक्त हिशोब आहे, तो कधीही पुसून परत काढता आला पाहिजे.

दर आठवड्याची मीटिंग असेल तर नियम साठवा आणि प्रत्येक वेळ लोकलमध्ये वाढवून मग यूटीसी काढा. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग हिवाळ्यात यूटीसी १४:०० ला असते, उन्हाळ्यात १३:०० ला. यूटीसी १४:०० लाच ७ दिवस जोडत गेलात तर मार्चनंतर ती १० वाजता भरते. पोस्टग्रेसमध्ये म्हणूनच "१ दिवस" आणि "२४ तास" हे इंटरव्हल वेगळे आहेत. सेशनचा झोन न्यूयॉर्क असताना ८ मार्च २०२५ दुपारी १२ मध्ये १ दिवस मिळवा, ९ ला दुपारी १२ येतात, २४ तास मिळवा, १ वाजतो. पण सेशन यूटीसी असेल (आणि आपण पायरी ३ मध्ये तसाच केलाय) तर दोन्ही सारखेच, म्हणून हे गणित लोकल कॉलमवर करायचं.

पायरी ७ : दिवसाचे रिपोर्ट

"आजची विक्री" यात आज कुणाचा, हे आधी विचारा. यूटीसीच्या तारखेवर ग्रुप केलं तर कोलकाता झोनमधल्या युजरचे मध्यरात्री ते पहाटे साडेपाचचे सगळे व्यवहार आदल्या दिवसात जातात, आणि महिन्याची १ तारीख असेल तर आदल्या महिन्यात.

फिल्टर लावताना कॉलमवर डेट फंक्शन लावू नका, साधा इंडेक्स वापरला जात नाही. दिवसाच्या दोन कडा लोकलमध्ये घ्या, यूटीसीत बदला आणि कॉलमची तुलना त्यांच्याशी करा, सुरुवात धरून आणि शेवट सोडून. न्यूयॉर्कचा २ नोव्हेंबर २०२५ म्हणजे यूटीसी २ तारखेचे ०४:०० ते ३ तारखेचे ०५:००, पूर्ण २५ तास. २३:५९:५९ पर्यंत बिट्वीन लावायची सवय सोडा, शेवटच्या सेकंदाचे मिलिसेकंद त्यात निसटतात.

पोस्टग्रेसचा ॲट टाइम झोन इथे लागतोच आणि तो दोन्ही दिशांनी चालतो म्हणून गोंधळ होतो. साध्या टाइमस्टॅम्पला लावला तर "ही वेळ या झोनमधली आहे असं समज" आणि उत्तर टाइमस्टॅम्पटीझेड. टाइमस्टॅम्पटीझेडला लावला तर "हा क्षण त्या झोनच्या घड्याळात दाखव" आणि उत्तर साधा टाइमस्टॅम्प. चुकीच्या टाइपच्या कॉलमवर लावला की वेळ उलट्या दिशेला सरकते. कधी दुप्पट ऑफसेटने सरकलेली वेळ दिसली तर आधी इथे बघा.

दिवस मध्यरात्रीच सुरू होतो हेही धरू नका. ब्राझीलने २०१९ मध्ये डीएसटी बंद केलं, त्याआधी साओ पावलोत घड्याळ मध्यरात्री पुढे जायचं, म्हणजे त्या दिवशी ००:०० नव्हतेच, दिवस ०१:०० ला सुरू. आणि सामोआने ३० डिसेंबर २०११ हा अख्खा दिवसच वगळला होता, असो.

पायरी ८ : जुना लोकल डेटा यूटीसीत नेताना

आधी बॅकअप. मग शोधा की कॉलममध्ये खरंच एकाच झोनच्या वेळा आहेत का, कारण मधे कधी सर्व्हर हलवला असेल तर तिथून पुढचा डेटा वेगळ्या झोनचा असतो. तपासायला सोपी युक्ती म्हणजे तासाप्रमाणे रो मोजा, महिन्यामहिन्याने. वर्दळीचा तास एका महिन्यात अचानक सरकलेला दिसला तर काहीतरी बदललंय.

पोस्टग्रेसमध्ये कॉलमचा टाइप बदलताना यूझिंगमध्ये (जुनी किंमत नव्या टाइपमध्ये कशी न्यायची ते सांगणारा भाग) ॲट टाइम झोन लिहून जुना झोन स्पष्ट सांगा, नाही सांगितला तर तो सेशनचा झोन धरतो. बहुतेक वेळा अख्खं टेबल परत लिहिलं जातं आणि तोपर्यंत टेबल लॉक, त्यामुळे मोठ्या टेबलाला नवीन कॉलम घालून थोडं थोडं भरणं बरं. जुन्या वेळा मुळात यूटीसीच असतील आणि सेशनही यूटीसी असेल तर यूझिंग न लिहिता टाइप बदलला की १२ व्हर्जनपासून हे परत लिहिणं वाचतं.

मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट टीझेड हे फंक्शन वापराल, तर आधी झोनची टेबलं लोड आहेत का बघा. नसतील तर नाव देऊन केलेलं प्रत्येक रूपांतर नल (रिकामं) येतं आणि तुमचा अपडेट अख्खा कॉलम नल करून मोकळा होतो. एक सिलेक्ट मारून बघायला दोन सेकंद लागतात.

दुहेरी तासातल्या रो हाताने बघाव्या लागतात. आयडी वाढता असेल तर बरंचसं सुटतं, आयडीच्या क्रमाने जाताना वेळ जिथे एकदम मागे उडी मारते तिथून पुढचे दुसऱ्या तासातले. जे सुटत नाहीत त्यांच्यावर एका कॉलममध्ये खूण करून ठेवा, अंदाज खरा म्हणून खपवू नका.

पायरी ९ : टेस्ट आणि बदलणारे नियम

टेस्ट चालवणारं मशीन यूटीसीवर असतं म्हणून बग लपतात. तिथे मुद्दाम झोन पॅसिफिक/चॅटम ठेवा, तो १२ तास ४५ मिनिटं पुढे असतो आणि त्यावर डीएसटी पण आहे, कुणी कुठे लोकल वेळ वापरली असेल तर लगेच उघडं पडतं. सोबत लॉर्ड हाउ बेटाचाही एक टेस्ट घाला, तिथे डीएसटी अर्ध्या तासाचं असतं.

आणि नियम बदलतात, बऱ्याचदा ऐन वेळी. २०२३ च्या मार्चमध्ये लेबननमध्ये डीएसटी पुढे ढकलायचं ठरलं आणि काही दिवसांत तो निर्णय मागेही घेतला गेला. मेक्सिकोने २०२२ च्या ऑक्टोबरअखेर बहुतेक भागात डीएसटी बंद केलं, अमेरिकेच्या सीमेवरच्या काही शहरांत चालू ठेवलं. म्हणजे मेक्सिको सिटीत जुलै २०२३ ची सकाळी १० ची भेट कुणी त्याआधी बुक करून नुसती यूटीसी १५:०० म्हणून ठेवली असेल तर ती नवीन नियमाने ९ वाजता दिसते.

झोन डेटा एकाच ठिकाणी नसतो हेही लक्षात असू द्या, ऑपरेटिंग सिस्टिमचा वेगळा, जावाचा वेगळा, नोडचा वेगळा, डेटाबेसचा कधी स्वतःचा कधी सिस्टिमचा, आणि मायएसक्यूएलची टेबलं तर परत लोड केल्याशिवाय बदलतच नाहीत. यातला एक अपडेट केला आणि बाकीचे राहिले की ॲप एक सांगतं आणि डेटाबेस दुसरं. सगळे सोबत अपडेट करा, आणि लगेच एक स्क्रिप्ट चालवा, पुढच्या तारखांच्या सगळ्या रो घ्या, लोकल वेळ आणि झोनवरून यूटीसी परत काढा, साठवलेल्या तिसऱ्या कॉलमशी जुळत नाही ती रो बदला आणि तिचा आधीच रांगेत लागलेला रिमाइंडर रद्द करून नव्या वेळेला लावा. हा रिमाइंडरचा भाग स्क्रिप्टमध्ये हमखास राहून जातो.